‘अमेझिंग ग्रेस’ मुलांना शिकवताना वादळापाशी थांबू नका

नमस्कार. संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधील रविवारच्या वर्गाच्या मुलांना ‘अमेझिंग ग्रेस’ हे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत अर्थासह कसे शिकवावे, असे आपल्यापैकी अनेकजण सतत विचारत आहेत, म्हणून आजचा व्हिडिओ या एकाच गीतासाठी ठेवला आहे. चाल बहुतेकांना येते आणि शब्दही सहज मिळतात. ग्रेस म्हणजे कृपा, आणि कृपा म्हणजे लायकी न पाहता मिळालेले देणे, हेही मुलांना लवकर समजते. आपली चूक होते ती इतिहास सांगताना.

आपण साधारणपणे अशी गोष्ट सांगतो: जॉन न्यूटन गुलामांचा व्यापार करीत असे, समुद्रात वादळ झाले, त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचले, त्याने व्यापार सोडला आणि हे गीत लिहिले. मीही कित्येक वर्षे हेच सांगत होते. एका रविवारी नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, “मग जहाजावरच्या गुलामांना त्याने लगेच घरी सोडले का?” मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन वाचले तेव्हा कळले की ‘ग्रेहाउंड’ नावाच्या त्या जहाजावर त्या खेपेला गुलाम नव्हतेच, हस्तिदंत, मेण आणि लाकूड असा माल होता. मात्र मला अस्वस्थ केले ते पुढच्या सहा वर्षांत जे घडले त्याने.

वादळ मार्च १७४८ मधले. त्यानंतर न्यूटन गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजावर कामाला लागला, आणि १७५० ते १७५४ या काळात त्याने स्वतः कप्तान म्हणून अशा तीन सफरी केल्या. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराचा निषेध म्हणून नव्हे. १७६४ मध्ये तो इंग्लंडमधील ऑल्नी या गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू झाला. लेस विणून पोट भरणाऱ्या तिथल्या गरीब मंडळीसाठी तो गीते रचत असे, आणि हे गीत १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी रचले गेले. त्या दिवशीचे वचन बायबलमधील ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायातले होते, ज्यात दावीद राजा देवाला विचारतो की मी असा कोण, की तू मला इथवर आणलेस. गीत छापले गेले १७७९ मध्ये. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध न्यूटनने जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी, आणि त्या धंद्यात आपला हात होता याची लाज आपल्याला कायम वाटत राहील, अशी कबुली त्याने तिच्यात दिली.

हे सन मुलांच्या लक्षात राहावेत म्हणून मी अकरा मीटर सुतळी घेते आणि दहा सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष असे ठरवते. वादळाची गाठ बांधायची, तिच्या उजवीकडे ६० सेंटीमीटरवर समुद्र सोडल्याची, अडीच मीटरवर गीताची आणि चार मीटरवर पुस्तिकेची. मुले वादळापासून पुस्तिकेपर्यंत चालत जातात, तेव्हा ‘लगेच’ हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप गळून पडतो. आज आपण गातो ती चाल या शब्दांना १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. ती गाठ इतकी लांब जाते की आमच्याकडे एका मुलाला ती धरून व्हरांड्यात उभे राहावे लागते.

एका ताईंनी लिहिले आहे की एवढे खरे सांगितले तर मुलांची गीतावरील श्रद्धा उडेल. मला हे मुळीच पटत नाही, आणि त्याचे कारण गीतातच आहे. पूर्ण गीत वाचून पाहा: त्यात समुद्र नाही, जहाज नाही, वादळही नाही. तिसऱ्या कडव्यात अनेक संकटे आणि सापळे ओलांडून आपण इथवर आलो असे तो म्हणतो, आणि कृपाच आपल्याला पुढे घरी नेईल असेही म्हणतो. हे एका रात्रीत बदललेल्या माणसाचे बोलणे नाही. न्यूटनने स्वतः लिहून ठेवले आहे की वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतो. जे तो स्वतः लपवत नाही, ते आपण मुलांपासून का लपवावे?

याच कारणासाठी पहिल्या कडव्यातील ‘रेच’ (wretch, म्हणजे पतित, दीन माणूस) हा शब्द बदलू नये असे मला मनापासून वाटते. काही गीतपुस्तकांत त्या जागी सौम्य शब्द घातले आहेत. आपल्या अभंगांत संत स्वतःला पतित म्हणवून घेतात, त्यामुळे मराठी मुलांना हा भाव परका वाटत नाही. दहा हजार वर्षांचा उल्लेख असलेले शेवटचे कडवे मात्र न्यूटनचे नाही, ते नंतर जोडले गेले, हे सांगून मगच गावे.

सुतळीवर एक गाठ डावीकडेही बांधा, वादळाच्या १६० सेंटीमीटर आधी, म्हणजे १७३२ ची. त्या वर्षी न्यूटनची आई वारली, तेव्हा त्याला सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि तोपर्यंत तिने त्याच्याकडून मुलांची गीते पाठ करून घेतली होती. ही गाठ मी नेहमी वर्गातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातात देते.