दहा वर्षं दुसऱ्या फळीत

१७ जुलै २०११, फ्रँकफर्ट. महिला फुटबॉल विश्वचषकाची फायनल. जपान आणि अमेरिका २-२ अशा बरोबरीत. अतिरिक्त वेळेची शेवटची घटका. अमेरिकेची अॅलेक्स मॉर्गन चेंडू घेऊन गोलकडे सुसाट निघते आणि जपानची अझुसा इवाशिमिझु तिला पाडते. शिट्टी वाजते. उंचपुरी, सोनेरी केसांची पंच धावत येते, हात खिशाकडे जातो. लाल कार्ड! जगाची फायनल, हातघाईची वेळ, आणि तरी हात कचरला नाही. पुढे पेनल्टींवर जपानच जिंकलं.

ही पंच म्हणजे बिबियाना श्टाइनहाउस. जर्मनीतल्या हार्ट्झच्या डोंगरातल्या बाड लाउटरबेर्ग गावची. वडीलही पंच. आधी ती स्वतः खेळली, मग शिट्टी हाती घेतली. नोकरी पोलिसांत. कामाच्या दिवशी वर्दी, सामन्याच्या दिवशी शिट्टी.

२००७ मध्ये ती पुरुषांच्या दुसऱ्या बुंडेसलिगात, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये, उतरली. जर्मनीच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुख्य पंच म्हणून स्त्री, हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि त्यानंतर दहा वर्षं ती तिथेच राहिली. त्याच काळात विश्वचषकाची फायनल तिने सांभाळली, २०१२ च्या ऑलिंपिकची वेम्ब्लीवरची फायनलही सांभाळली. पहिल्या बुंडेसलिगात, म्हणजे सर्वोच्च लीगमध्ये, मात्र ती चौथी पंच, रेषेबाहेर उभी. ही दहा वर्षं आजही मनाला बोचतात.

रेषेबाहेरही सोपं नव्हतं. २०१४ मध्ये बायर्न म्युनिक क्लबचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला हुज्जत घालता घालता तिच्या खांद्यावर हात टाकतात. ती तो हात सरळ बाजूला सारते. पुढच्या वर्षी दुसऱ्या बुंडेसलिगात केरेम देमिरबाय या खेळाडूला तिने मैदानाबाहेर काढलं, तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलमध्ये बायकांचं काही काम नाही, असं तो बोलून गेला. नंतर त्याने माफी मागितली. त्याच्या क्लबने त्याला मुलींच्या सामन्यात पंच म्हणून उभं केलं. शिट्टी हातात घेतली की काय वाटतं, ते त्यालाही कळू दे!

१० सप्टेंबर २०१७, बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम. हेर्था विरुद्ध वेर्डर ब्रेमेन. वयाच्या अडतिसाव्या वर्षी बिबियानाने पहिल्या बुंडेसलिगात शिट्टी फुंकली. सामना सुटला १-१.

सप्टेंबर २०२० मध्ये बायर्न आणि डॉर्टमुंड या क्लबांमधल्या जर्मन सुपरकपच्या सामन्यानंतर तिने मैदान सोडलं. पहिल्या बुंडेसलिगात तिच्या वाट्याला आलेले सामने, २३.