नर हवेत कशाला?

नमस्कार मंडळी. टोमॅटोचं नाहीतर डाळिंबाचं मूळ उकरलं आणि त्यावर गाठी दिसल्या की आपला शेतकरी म्हणतो, निमॅटोड लागला. म्हणजे सूत्रकृमी. त्या गाठीत फुगून बसलेली असते मादी, आणि मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा ह्या जातीत तिला नर लागतच नाही, शेकडो अंडी एकटीच घालते. मग नर नसतातच का? असतात की! मुळामध्ये गर्दी झाली, खायला कमी पडलं की बरीच पिल्लं नर होतात, मूळ सोडून निघून जातात आणि पुढे काही खातच नाहीत. घरातली खाणारी तोंडं तेवढीच कमी.

दुसरी तऱ्हा सी. एलिगन्सची. हाही सूत्रकृमीच, जेमतेम 1 मिलिमीटरचा जीव, सिडनी ब्रेनर ह्या शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये रुजवला, 2002 चं नोबेल त्याच्याच जीवावर. इथे निव्वळ मादी नाहीच, उभयलिंगी असते, आधी 300 च्या आसपास शुक्राणू बनवून ठेवायचे, मग अंडी, सगळं घरच्या घरी. गंमत अशी की शुक्राणू संपतात, अंडी उरतात! नर हजारात एखाद-दुसरा, तोही लिंग ठरवणारं एक्स गुणसूत्र वाटताना गळलं म्हणून झालेला. पण तो भेटलाच तर त्याच्या पिल्लांत निम्मे नर. आणि हे एकटीनं भागवणं एलिगन्स आणि तिच्या नात्यातल्या ब्रिग्सी, ट्रॉपिकॅलिस ह्या तिन्ही जातींनी आपापलं वेगवेगळं शोधलंय, पूर्वज नर-मादीवालेच होते.

मला मात्र सगळ्यात डोकेबाज वाटते ती मेसोऱ्हॅब्डायटिस बेलारी ही सूत्रकृमीची जात. हिच्यात नर साधारण 9 टक्के. मादीला शुक्राणू लागतो, पण बहुतेक अंड्यांत तो नुसता किल्ली मारायला, त्याचा डीएनए टाकून दिला जातो आणि होते मुलगी, आईचीच नक्कल. थोड्या अंड्यांत बापाचा डीएनए खरंच मिसळतो, तिथे हमखास मुलगा. म्हणजे बापाचा डीएनए मुलीत जातच नाही, कधीच नाही! मग आईनं मुलगे जन्माला घालायचे कशाला? 2019 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी हे मांडलं, की हे मुलगे बहुतेक करून आपल्या बहिणींशी जुळतात. परक्या माद्यांकडे गेले असते तर आईच्या दृष्टीनं फुकट हमाली, घरात राहिले तर लेकींची अंडी चालू होतात. आणि एक भाऊ कितीतरी बहिणींना पुरतो, म्हणून 9 टक्क्यांत भागतं.