आड्याला टांगलेली थैली

(पहाट. यवतमाळ जिल्ह्यातला एक पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती. तुराट्यांच्या कुडाचं घर, वर टिन. एक बाई डब्यावर चढून आड्याला बांधलेली थैली सोडते.)

युरियाची रिकामी थैली. आत पन्नीत गुंडाळलेले कागद. घरातली सगळ्यात उंच जागा या थैलीची, कारण पावसाळ्यात ओल खालून चढते आणि उंदीरही खालीच फिरतात.

बाई एकेक कागद चटईवर मांडते. ग्रामपंचायतीची टॅक्स पावती. लाइट बिल. मोठ्या पोराचा शाळेचा दाखला. मतदार यादीचं घड्यांवर फाटलेलं पान. आणि सगळ्यात वर तहसीलची कोरी करकरीत नोटीस: घर सरकारी जागेवर आहे, अतिक्रमण काढून घ्या.

"टॅक्स घेतला तवा कोनी म्हनलं नाही का जागा सरकारची हाय," ती म्हणते. "मीटर लावलं तवाबी नाही."

तिचं म्हणणं खरं आहे, आणि नोटीसही खोटी नाही. ही ई-क्लासची जमीन. वऱ्हाडात हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो: सरकारी मालकीची, गुरांच्या चराईची पड जमीन. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घराचा कर कोण भरतो तेवढं सांगतो, जमीन कोणाची ते नाही. तलाठ्याकडं दुसरी वही असते, गाव नमुना १-ई. तिच्यात अतिक्रमणांची नोंद. एकाच बाईचं नाव एका वहीत करदाती म्हणून, दुसरीत अतिक्रमक म्हणून.

(बेड्यापासून गावापर्यंतची पांदण. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी.)

बेडा गावठाणापासून एवढा लांब का? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. पारधीही त्यात सापडले. १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाचा संशय गेला नाही. ज्यांना वेशीच्या आत कोणी जागा दिली नाही, त्यांनी पाल कुठं ठोकायचं होतं? ई-क्लासवर अतिक्रमण झालं म्हणताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचा आम्हाला राग येतो.

२०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. रोख गायरानं गिळणाऱ्या बड्यांवर होता. भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं पट्टे दिले असतील, तर तो अपवाद न्यायालयानं मान्य केला. पण या बेड्यावर पट्टा कोणाकडंच नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यातल्या अशा बांधकामांचा आकडा पुढं आला २ लाख २२ हजारांवर. नोटिसांचा पाऊस पडला, आणि धनदांडग्याचं गोदाम नि कुडाची झोपडी एकाच यादीत गेली.

(चटईवर आता वकील ताईही बसल्या आहेत. मांडीवर कोरा फुलस्केप.)

"मावशी, २०११ च्या आधीचा कागद कोणता आहे यात?"

सगळी मदार या प्रश्नावर आहे. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयानं ग्रामीण भागात सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरं नियमानुकूल करायची वाट उघडली. पण आधीपासून राहतो हे दाखवायचं कशानं? टॅक्स पावती २०१४ ची. लाइट बिल त्याच्याही नंतरचं. मतदार यादीच्या पानावर साल आहे तिथंच घडी फाटलेली.

ताई पोराचा दाखला उजेडात धरतात. प्रवेश: जून २००७. पत्ता: हाच बेडा.

"हा चालेल. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढू. धाकटीचा जन्म घरीच झाला ना? मग ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत पाहू."

"ग्रामसेवक आला होता लिहाले," मावशी म्हणते. "गूळ देल्ला होता मी त्याले."

घरकुलाच्या यादीतही मावशीचं नाव आहे. १ लाख २० हजार रुपये मंजूर होऊ शकतात, पण जागा नावावर नाही म्हणून फाइल अडली. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत मिळते. मात्र गावात जागा विकणारा पाहिजे, आणि पारध्याला विकणारा पाहिजे.

(तालुक्याचं न्यायालय. विधी सेवा समितीची खोली.)

ताईंची फी मावशीला पडत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो. लोक इथवर पोचतात ते बहुतेक वेळा जेसीबी दारात आल्यावर, आणि तोवर नोटिशीची मुदत गेलेली असते.

आज मुदतीचे चार दिवस बाकी आहेत. लेखी म्हणणं तयार आहे, सोबत दाखल्याची प्रत. उद्या आदेश निघालाच तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील. नुसत्या अपिलानं कारवाई थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. ताईंनी तोही आजच लिहून ठेवलाय, तारखेची जागा कोरी सोडून.

(तहसीलची आवक खिडकी. शिक्क्याचा आवाज.)

मावशी पोचेवरचा शिक्का निरखून पाहते, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभी राहते. मग तो पदराखाली घेते.

"टिन बदलायचं होतं पावसाच्या आधी," ती ताईंना विचारते. "बदलू का थांबू?"

"बदला, मावशी."

(संध्याकाळ. आड्याला थैली. घरावर नवं टिन चढतंय.)