हातातली ट्यूब पेटते तेव्हा

या ट्यूबला वायर जोडलेली नाही. ती नुसती हातात धरली आहे. आता ऑपरेटरने पायाने पॅडल दाबलं… ट्यूब पेटली. पाय काढला, विझली.

हे आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींनी प्लास्टिक जोडणारं, वेल्डिंग मशीन. प्लास्टिकचे दोन थर डायखाली, म्हणजे धातूच्या साच्याखाली, सरकवायचे, डाय खाली आणायचा आणि पॅडल दाबायचं. डायखालचं विद्युत क्षेत्र सेकंदाला २ कोटी ७१ लाख २० हजार वेळा झुलतं. या प्लास्टिकचे, म्हणजे पीव्हीसीचे, रेणू त्या तालावर वळू पाहतात, आणि थर बाहेरून नाही, आतून तापतात. काही सेकंदांत काम झालं. धागा नाही, डिंक नाही. जवळून बघा, नखाने उकलूनही हा जोड सुटत नाही. ताडपत्री, फुगवायच्या होड्या, रक्ताच्या पिशव्या, यांचे काठ अनेकदा असेच जुळतात.

पण सगळी ऊर्जा डायखाली राहत नाही. ट्यूब पेटली ती बाहेर सुटलेल्या ऊर्जेवर.

आता ऑपरेटर कुठे बसलाय ते बघा. समोर डाय, आणि त्याच्या जवळजवळ पातळीला ओटीपोट आणि मांड्या. कामाच्या पूर्ण पाळीभर.

या लहरी शरीरात खोल शिरून उष्णता करतात. चटका त्वचेला कळतो, आतलं तापणं सहज कळत नाही. वृषणं शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड असावी लागतात. ती तापली की शुक्राणू घटतात, आणि नवे तयार व्हायला साधारण अडीच महिने जातात. वर्षानुवर्षं मशीनजवळ बसण्याने नेमकं काय होतं, यावर माणसांमधला पुरावा अजून कच्चा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला २०२४चा आढावा सांगतो.

तरी एक आकडा ऐकाच. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार सर्वसामान्य माणसाच्या शरीरात किलोमागे सरासरी ०.०८ वॅटपर्यंत ऊर्जा शोषली गेलेली चालते, कामगाराच्या शरीरात ०.४. पाचपट! कारण कामगाराला धोका समजावलेला आहे, असं त्यात धरलेलं असतं. या खुर्चीवर बसणाऱ्याला तो कुणी समजावला?

उपाय हा आहे. डायभोवती धातूची पेटी. ती साध्या वायरीने नाही, तांब्याच्या रुंद पट्ट्यांनी मशीनच्या सांगाड्याला जोडलेली. प्लास्टिक आत जायला फक्त एक अरुंद फट.

तोच ऑपरेटर. तीच ट्यूब, त्याच जागी. पॅडल दाबलं. जोड तयार झाला.

ट्यूब विझलेलीच.