डबा सापडला नाही

[शॉट: मिरज जंक्शन, पहाट]

हे आपलं मिरज जंक्शन. फलाटावर चहावाल्याचा पहिला घाणा नुकताच उकळलाय. आता इथं सगळे रूळ एकाच मापाचे, पण 1971 ला पुण्याकडून ब्रॉडगेज आली तेव्हा बंगळूरच्या बाजूला मीटरगेज होतीच आणि पंढरपूरच्या बाजूला नॅरोगेज, म्हणजे तीन मापांच्या गाड्या एकाच स्टेशनात. मिरजकर हे अजून पाहुण्यांना सांगतात, पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी.

[शॉट: खोली, कॉम्प्युटरचा स्क्रीन]

आणि ही आमच्या मित्राची खोली. स्क्रीनवर जे चाललंय ते ओपन रेल्स, फुकटातला ट्रेन सिम्युलेटर, 2001 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरसाठी लोकांनी केलेले रूट आणि गाड्याही यावर चालतात. पठ्ठ्यानं मिरज ते आरग एवढाच नॅरोगेजचा तुकडा टाकला, एक डिझेल इंजिन उतरवून घेतलं, मागं सहा डब्यांची नावं लिहिली आणि गाडी सोडली. बघा काय झालं. इंजिन एकटंच निघालं. गेम काही बोलत नाही, गपचूप लॉग फाईलमध्ये लिहून ठेवतो की अमुक डबा सापडला नाही, सहा डब्यांच्या सहा ओळी.

डबा सापडणार कुठून, कुणी बनवलेलाच नव्हता. इंजिनाचे फोटो सगळे काढतात, ड्रॉइंग जपून ठेवतात, मॉडेलं करतात. ज्या डब्यात आपली आज्जी गाठोडं घेऊन बसली त्याचा नीट एक फोटो दाखवा म्हटलं की सगळे गप्प.

आता या लाईनीचं जरा सांगतो, कारण पुढं कामाला येणार आहे. बार्शी लाईट रेल्वे, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली, 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर, आणि मिरजेला आली ती 1927 ला. कॅलथ्रॉपचा हट्ट एकच, इंजिन असो डबा असो की वाघीण, एका आसावर 5 टनांच्या वर वजन द्यायचं नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी. डब्याखालच्या सांगाड्यालाही त्यानं दाबून घडवलेलं पोलाद वापरलं. पुढं गेज बदललं आणि ही लाईन संपली.

[शॉट: हात आणि टेप, जवळून]

हा हात बघा. हे आजोबा नॅरोगेजचे रिटायर गार्ड. त्यांच्याकडं एकच फोटो निघाला, ब्लॅक अँड व्हाइट, कोपरा वाळवीनं खाल्लेला, त्यात ते तरणे, डब्याच्या खिडकीच्या फळीला हात लावून उभे. डबा अर्धाच आलाय. माप कसं काढायचं? आमचा गडी म्हणाला आजोबांची उंची मोजू, त्यावर आजीच आतनं ओरडल्या, "अरे ते आता दोन बोटं खचलेत की!" मग टेप लावला हाताला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, 46 सेंटिमीटर. हाड काय खचत नाही. फोटो स्कॅन केला, त्यात तोच हात भरला 230 पिक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला 5 पिक्सेल, की झालं, खिडकी 62 सेंटिमीटर उंच, पट्ट्या मोजल्या, दाराची दांडी मोजली, एका हातावर अख्खी बाजू उभी राहिली.

हे ब्लेंडर, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. रात्री दोन वाजता. डबा दिसायला झकास, पण पळताना चाकं फिरेनात, घसरत चालल्यासारखा. कारण गेमला ठरलेलीच नावं लागतात, बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, बोगी-वन आणि तिच्या चाकांना व्हील्स-इलेव्हन, व्हील्स-ट्वेल्व, याने प्रेमानं "चाक पुढचं" लिहिलेलं. ते निस्तरलं तर गाडी चढाला लागली की दम टाकायला लागली. दोन दिवस इंजिनाला शिव्या दिल्या, मग कळलं की डब्याची वजनाची फाईल ब्रॉडगेजच्या डब्यावरून उचललेली, चाळीसेक टनांचा आकडा तसाच राहिलेला. कॅलथ्रॉपचा हिशोब लावा, चार आस, पाच टन, भरून 20 च्या आतच पाहिजे. आकडा बदलला आणि गाडी सुटली.

रंगावर भांडणं झाली. आजोबा म्हणतात गेरूसारखा तांबडा, शेजारचे काका म्हणतात निळा नि वर पिवळसर. दोघंही आपापल्या वर्षातले खरे असणार. दोन्ही केले.

मध्ये एकानं जलदूत मागितली, एप्रिल 2016 ला याच मिरजेतून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी, पहिल्या खेपेला 10 टँकर, 5 लाख लिटर. तेलाचा टँकर तयार होताच, रंग बदलून एका संध्याकाळी दिली. डबेही नेटवर टाकले, लोकांनी उतरवून घेतले, एक-दोन चुका कळवल्या, त्या सुधारल्या.

[शॉट: आजोबा स्क्रीनसमोर, चष्मा लावतात]

इथं मी जास्त बोलत नाही. गाडी मिरजेहून सुटली. सहा डबे. आजोबांनी पूर्ण गाडी जाऊ दिली, शेवटचा डबा पडद्याबाहेर गेला तरी तिकडंच बघत होते.

"ब्रेकव्हॅन कुठाय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"अरं सहा डबे केले, आणि मी कुठं बसायचं?"

[शॉट: फोनमधली नोंद, "ब्रेकव्हॅन – आजोबांकडं फोटो आहे का विचारणे"]