कृत्रिम गुडघ्यातील बुरशी

(दृश्य : गुडघ्यातून द्रव ओढणारी सुई)

सांधेरोपण होऊन बरेच महिने लोटल्यावर गुडघा सुजतो, दुखतो, पण ताप फारसा येत नाही. प्रतिजैविके देऊनही सूज उतरत नाही, तेव्हा हा गढूळ द्रव पुढच्या उपचाराची दिशा ठरवतो. कृत्रिम सांध्यांच्या संसर्गात बुरशीचा वाटा शंभरात एखादाच असल्यामुळे तिचा संशय सहसा उशिरा येतो. म्हणूनच द्रव पाठवताना अर्जावर बुरशीच्या कल्चरची, म्हणजे नमुन्यातून बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीची, स्पष्ट मागणी हवी. ती नसली, तर नमुना नेहमीच्या मुदतीनंतर टाकून दिला जाण्याची शक्यता राहते.

(दृश्य : प्रयोगशाळा)

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ साबुरो यांच्या नावाने ओळखले जाणारे, बुरशी वाढवण्यासाठीचे हे माध्यम मुद्दाम आम्लधर्मी आणि शर्करायुक्त ठेवतात. ते बहुतेक जीवाणूंना मानवत नाही, बुरशीला मानवते. बशीवर उमटलेले सायीच्या रंगाचे मऊ ठिपके कॅन्डिडा या बुरशीचे आहेत. तिच्या पेशी मानवी रक्तद्रवात ३७ अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवल्या की त्यांना अशा बारीक नळ्या फुटतात आणि ही बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स असल्याचे कळते. या दृश्यावर आम्ही जरा जास्त रेंगाळलो आहोत, कारण नेमकी जात ठाऊक नसताना औषध निवडणे धोक्याचे असते. कॅन्डिडा क्रुसेई ही जात फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकाला मुळातच दाद देत नाही.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह)

विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावे तसा बुरशीचा चिवट थर धातूवर बसतो आणि त्याच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही; म्हणून कृत्रिम सांधा काढावाच लागतो. त्याआधी वेगवेगळ्या जागांहून पाच-सहा नमुने, प्रत्येक वेळी नव्या उपकरणाने, घेतले जातात, कारण एकाच नमुन्यात बुरशी उगवली तर ती बाहेरून मिसळल्याची शंका उरते. मग छिन्नीने जुने सिमेंट सोडवतात, रोगट अस्तर कापतात आणि सांधा सलाइनने पुन्हा पुन्हा धुतात. रिकाम्या जागेत बसवला जाणारा हा तात्पुरता ठोकळा औषध मिसळलेल्या अस्थिसिमेंटचा आहे. मात्र त्यातून बुरशीनाशक कितपत झिरपते याबद्दल मतभेद असल्याने खरी भिस्त शिरेतून आणि तोंडाने दिलेल्या औषधांवरच असते. ती किमान सहा आठवडे, अनेकदा काही महिने चालतात.

काहींना नवा सांधा कधीच बसवता येत नाही. गुडघा कायमचा ताठ करावा लागतो, क्वचित पायही गमवावा लागतो.

(दृश्य : दुसरी शस्त्रक्रिया)

जखम कोरडी राहिली आणि रक्तातील सीआरपी हे दाह दर्शवणारे प्रथिन उतरले, की ठोकळा काढून नवा सांधा बसवतात. याही वेळी नमुने पाठवले जातात, अर्जावर बुरशीच्या कल्चरची मागणी असते आणि पुढे गोळ्या चालू असेपर्यंत यकृताच्या चाचण्या ठरलेल्या अंतराने होत राहतात.