ए पट्टा आखूड होत नाही! फूटपट्टी आणि दोन उदबत्त्या

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरातूनच बोलतेय, मधून मधून हॉर्न ऐकू येतील, तेवढं चालवून घ्या. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सतत येतोय: "ताई, त्वचा, स्नायू, हाडं, स्पर्धेसाठी तिन्ही कसं करू?"

त्वचा आणि हाडं पाठांतराची, ती पटकन उरकते. त्वचेत वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून अगदी वरवर खरचटलं तर रक्त येत नाही. स्ट्रॅटम ल्युसिडम हा बाह्यत्वचेचा एक थर, तो फक्त तळहात-तळपायांच्या जाड त्वचेत. मोठ्या माणसाची हाडं २०६: अक्षीय सांगाड्यात (डोकं, कणा, छाती) ८०, उपांगीय सांगाड्यात (हात, पाय आणि त्यांना धडाशी जोडणारी हाडं) १२६. एकाने विचारलंय, बाळाला जवळपास ३०० असतात, मग बाकीची जातात कुठे? कुठेच जात नाहीत रे, एकमेकांना जुळतात. कमरेखालचं त्रिकास्थी बघ, पाच मणके मिळून एक हाड झालंय. विचारलंस ते फार बरं केलंस.

आता स्नायू. इथे मला थांबायचंय.

माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. दंड फुगवून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, आतले धागे आखडले." ते डोक्यात इतकं पक्कं बसलं की शाळेच्या प्रश्नमंजुषेत अंतिम फेरीत मी ठामपणे सांगितलं, आकुंचनात ए पट्टा, म्हणजे स्नायूतल्या जाड तंतूंचा गडद पट्टा, आखूड होतो. चूक. ढाल दुसऱ्या संघाकडे गेली. ती चूक अजून सलते, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते: धागे आखडत नाहीत, धागे सरकतात.

हे बघा. कॅमेरा जरा खाली घेते. ही १५ सेंटीमीटरची फूटपट्टी म्हणजे मायोसिन या प्रथिनाचा जाड तंतू, तिची लांबी म्हणजेच ए पट्टा. या देवघरातल्या दोन उदबत्त्या, दहा-दहा सेंटीमीटरवर कापलेल्या, म्हणजे ॲक्टिन या प्रथिनाचे पातळ तंतू. दोन्हीकडून फूटपट्टीवर ठेवल्या. बाहेरची टोकं २२ सेंटीमीटरवर, मधे २ सेंटीमीटरची फट. ही फट म्हणजे एच झोन. उदबत्तीचा पट्टीबाहेरचा भाग म्हणजे आय पट्ट्याचा, फक्त पातळ तंतू असलेल्या फिकट पट्ट्याचा, अर्धा. आता दोन्ही एकेक सेंटीमीटर आत ढकलते. फट गेली. बाहेरचा भाग साडेतीनवरून अडीचवर आला. बाहेरची टोकं २० वर. आणि फूटपट्टी? १५ ची १५. उदबत्त्याही दहाच्याच. कोणी आखूड झालं का? नाही. तरी सगळं मिळून आखूड झालं.

दुसऱ्या बाजूने बघू. हे कळलं कसं? १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्स्ली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, कमेंटमध्ये भाऊ-भाऊ लिहू नका. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूची लांबी बदलताना त्यांना ए पट्टा तेवढाच दिसला. तो आखूड झाला असता तर तंतू सरकतात हा सिद्धांत उभाच राहिला नसता.

आणि कमेंटमध्ये ती युक्ती फिरतेय ना, "ए म्हणजे आखूड", तिचा मला खरंच राग येतो. तीनशे जणांनी लाइक केलीय. अरे, नीट परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, म्हणजे पाच गुणांचा फटका. अक्षरावरूनच लक्षात ठेवायचं तर "ए म्हणजे अढळ" ठेवा.

तिसरी बाजू. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठरतं. का? एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं इंधन, संपतो. जाड तंतूतून बाहेर आलेली मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरलेली असतात, आणि ती पकड सोडवायला नवा एटीपी लागतो. तो नाही, म्हणून पकड सुटत नाही. धरणं, ओढणं, सोडणं, पुन्हा पुढे धरणं, आकुंचन म्हणजे हेच. दोरखंड ओढताना आपले हात पुढे पुढे सरकतात, दोरखंड लांबीने तेवढाच राहतो.

आता तुम्ही करा. बाहेरची टोकं १८ सेंटीमीटरवर आणा. उदबत्त्या मधे एकमेकींवर चढतील. तेव्हा फूटपट्टी किती, आणि बाहेर राहिलेला भाग किती, दोन्ही मोजून खाली लिहा.